‘मिस’, ‘मिसेस’ आणि खोटी नावं : स्कॉटलंडमधली एक भटकंती

मंगळवार, एडिनबरा

एडिनबऱ्यात उतरलेला माणूस पहिल्यांदा किल्ल्यावर जातो. आम्ही चेंबर्स स्ट्रीटवरच्या नॅशनल म्युझियममध्ये गेलो. भाची ग्लासगोला शिकते, ती मला घ्यायला आली होती. तिनं सामान हॉटेलवर टाकायच्या आधीच विचारलं, “मावशी, किल्ला नको? लोक त्यासाठी येतात.” म्हटलं, किल्ले आपल्याकडे काय कमी आहेत? मला लुईसची मोहरी बघायची आहेत.

लुईस हे स्कॉटलंडच्या वायव्येचं बेट. तिथे उईग गावाजवळच्या वाळूत १८३१ साली बाराव्या शतकातल्या बुद्धिबळाच्या मोहऱ्यांचा साठा सापडला. वॉलरसच्या सुळ्यांतून कोरलेले ९३ नग, त्यांत बहुतेक मोहरीच. ८२ लंडनच्या ब्रिटिश म्युझियमनं नेले आणि एडिनबऱ्याच्या वाट्याला ११ आले : दोन राजे, तीन राण्या, तीन बिशप म्हणजे आपले उंट, एक घोडा आणि दोन हत्तीच्या जागचे पहारेकरी. प्यादं एकही नाही. मोहरी हातभरही उंच नाहीत, काचेला नाक लावूनच बघावी लागतात.

राण्या तिन्ही एकाच पवित्र्यात बसलेल्या, उजवा हात गालाला. कोणी म्हणतं ती चिंता आहे, कोणी म्हणतं विचार. मला ती वैतागलेली वाटली, आणि त्याला कारणही आहे. त्या काळच्या खेळात राणीला एका वेळी एकच घर, तेही तिरकं, जाता यायचं. पटभर धावायची ताकद तिला पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिळाली. आमच्याकडे त्या जागी वजीर असतो, त्यामुळे सांगलीत खेळायला शिकताना हे कधी डोक्यातही आलं नव्हतं.

याच साठ्यातलं मानलं जाणारं एक मोहरं १९६४ साली एडिनबऱ्याच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं पाच पौंडांना घेतलं होतं. घरच्यांना ते काय आहे याचा पत्ताच नव्हता. २०१९ मध्ये लिलावात त्याला ७,३५,००० पौंड आले. भाचीनं तिथल्या तिथे घरी फोन करून माळ्यावरची ट्रंक उघडायला सांगितली.

दुपारी चालत वेस्ट एंडला, अल्वा स्ट्रीटवर. इथे एडिनबरा चेस क्लब आहे, १८२२ सालचा. १८२४ ते १८२८ या काळात या क्लबानं लंडनच्या क्लबाशी पत्रानं सामना खेळला आणि जिंकला. घोडागाडीनं चाल जायची आणि उत्तराची वाट बघत बसायचं. पांढऱ्याच्या तिसऱ्या चालीला वजिरासमोरचं प्यादं दोन घरं ढकलायचं, ही ‘स्कॉच’ सुरुवात त्या सामन्यामुळे नावारूपाला आली. माझ्या वडिलांना ती फार प्रिय होती. मी रस्त्यावरून इमारत बघितली, फोटो काढला, पुढे गेले. मला हवं होतं ते इमारतीत नव्हतं, विजेत्यांच्या यादीत होतं.

१९०५ साली स्कॉटलंडमध्ये पहिली महिला अजिंक्यपद स्पर्धा झाली. जिंकली फ्लॉरेन्स हचिसन स्टर्लिंग. तिचे वडील जेम्स हचिसन स्टर्लिंग हे हेगेलचं तत्त्वज्ञान ब्रिटनमध्ये आणणारे म्हणून नावाजलेले, बहीण अमेलिया स्पिनोझाची भाषांतरकार. अशा घरातली बाई पटावर बसली तर नवल नाही. पण त्या काळचे स्पर्धेचे तक्ते बघा. पुरुषांना दोन-दोन आद्याक्षरं, कधी पदव्या. बायकांना ‘मिस’ किंवा ‘मिसेस’ आणि पुढे आडनाव. मिसेस असेल तर तेही नवऱ्याचं. मी ऐंशीच्या दशकात सांगली-कोल्हापूरकडे स्पर्धा खेळायचे तेव्हा वर्तमानपत्रात माझ्या नावामागे ‘कु.’ असायचं, पुढे ‘सौ.’ आलं. मुलांच्या नावामागे मात्र ‘चि.’ लावलेलं कधी पाहिलं नाही.

या सहलीत मला दोन प्रकारच्या बायका शोधायच्या होत्या : पटावर बसलेल्या आणि मताच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरलेल्या. पहिल्यांची नावं इतरांनी अर्धी करून टाकली. दुसऱ्यांनी ती स्वतः बदलली, कारण पोलीस मागे होते.

बुधवार, एडिनबरा

सकाळी पाऊस, दहाला ऊन, अकराला पुन्हा पाऊस. छत्री वाऱ्यानं उलटी होते म्हणून इथे कोणी उघडतच नाही.

वेव्हर्ली स्टेशनच्या वरच्या अंगाला काल्टन टेकडी. तिच्या उतारावर सेंट अँड्र्यूज हाउस ही करड्या दगडाची प्रचंड सरकारी इमारत आहे. तिच्या जागी पूर्वी काल्टन तुरुंग होता. तुरुंगाधिकाऱ्याचं घर तेवढं उरलंय, बुरुजांसकट. दुरून लोकांना तोच किल्ला वाटतो, आमच्यासमोर दोघांनी तसा फोटो काढला.

फेब्रुवारी १९१४ मध्ये या तुरुंगात एथेल मूरहेड या चित्रकार बाईला उपोषण करताना नाकातोंडातून नळी घालून जबरदस्तीनं खाऊ घातलं. इंग्लंडमध्ये हा प्रकार १९०९ पासून चालू होता. स्कॉटलंडमध्ये तोवर झाला नव्हता आणि स्कॉटिश लोकांना त्याचा अभिमान होता. काही दिवसांत तिला न्यूमोनिया झाला आणि सोडून द्यावं लागलं. ही बाई पुढे स्टर्लिंगला पुन्हा भेटेल. तिची किमान तीन खोटी नावं पोलिसांच्या दप्तरात आहेत : मेरी हम्फ्रीज, एडिथ जॉन्स्टन, मार्गरेट मॉरिसन.

तिथून प्रिन्सेस स्ट्रीट. ९ ऑक्टोबर १९०९ रोजी या रस्त्यावरून मताधिकाराचा मोठा मोर्चा निघाला. फ्लोरा ड्रमंड, टोपणनाव ‘जनरल’, घोड्यावर बसून पुढे. आणि एका गाडीवर बॅगपाइप घेतलेली नऊ वर्षांची बेसी वॉटसन. तिची मावशी क्षयानं गेली होती, म्हणून फुप्फुसं बळकट व्हावीत या हिशेबानं आईवडिलांनी तिच्या हाती बॅगपाइप दिला. औषध म्हणून सुरू झालेलं वाद्य मोर्च्यात पोचलं. पुढे ती काल्टन तुरुंगाबाहेर उभी राहून आतल्या बायकांसाठी वाजवायची, आणि कैद्यांना लंडनच्या हॉलोवे तुरुंगात नेणारी गाडी वेव्हर्लीवरून सुटताना प्लॅटफॉर्मवरही. शाळेत केसांना जांभळ्या-पांढऱ्या-हिरव्या, म्हणजे चळवळीच्या रंगांच्या फिती. ती १९९२ पर्यंत जगली.

ती राहायची त्या व्हेनेल नावाच्या बोळाच्या पायऱ्यांवरून किल्ला फार छान दिसतो. गर्दी त्या फोटोसाठीच असते. आम्हीही काढला.

दुपारनंतर हाय स्ट्रीट. डॉ. एल्सी इंग्लिस यांचा बायकांनी बायकांसाठी चालवलेला दवाखाना या रस्त्यावर होता. जन्म नैनितालचा, १८६४. त्या काचा फोडणाऱ्यांतल्या नव्हेत, सनदशीर मार्गाच्या. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी बायकांची वैद्यकीय पथकं देऊ केली तेव्हा लष्करी अधिकाऱ्यानं सांगितलं, बाई, घरी जा आणि गप्प बसा. त्यांनी फ्रान्स आणि सर्बियाला विचारलं. त्यांनी ‘या’ म्हटलं. स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्सची पथकं पुढे युरोपभर गेली, आणि पैसे उभे केले ते मताधिकाराच्या संघटनांनीच.

इथे आपल्या डॉ. रखमाबाईंची आठवण येणं अपरिहार्य आहे. दादाजी भिकाजी खटल्यातून सुटल्यावर त्या विलायतेला शिकायला आल्या तेव्हा ज्यांनी पाठबळ दिलं त्यांत इव्हा मॅक्लरेन आणि त्यांचे पती वॉल्टर होते. वॉल्टर म्हणजे एडिनबऱ्याच्या प्रिसिला ब्राइट मॅक्लरेन यांचा मुलगा, आणि प्रिसिलाबाई इथल्या १८६७ सालच्या मताधिकार सोसायटीच्या अध्यक्षा. लंडनच्या ज्या महिला वैद्यकीय शाळेत रखमाबाई शिकल्या ती काढण्यात पुढाकार सोफिया जेक्स-ब्लेक यांचा. त्यांना आणि सोबतच्या विद्यार्थिनींना एडिनबऱ्यात १८७० साली सर्जन्स हॉलच्या दाराशी चिखल मारून अडवलं होतं, आणि परीक्षा चालू असताना आत एक मेंढी सोडली होती. रखमाबाईंनी डॉक्टरकीच्या पात्रता मिळवल्या त्यांत एडिनबऱ्याची आणि ग्लासगोचीही आहे. मुंबईच्या त्या खटल्याचा धागा या ओल्या दगडी रस्त्यांपर्यंत येतो हे मला सर्जन्स हॉलसमोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा नीट कळलं.

गुरुवार, ग्लासगो

क्वीन स्ट्रीट स्टेशनला पोचायला जेमतेम पाऊण-एक तास. ग्लासगो एडिनबऱ्यासारखं नटलेलं नाही, मला ते जास्त आवडलं. इथले लोक थांबून बोलतात. बोललेलं कळत नाही, तो भाग वेगळा.

बोटॅनिक गार्डनमधला किबल पॅलेस म्हणजे लोखंड आणि काचेचं मोठं हरितगृह. २४ जानेवारी १९१४ च्या पहाटे इथे बाँब फुटला आणि २७ तावदानं गेली. दुसऱ्या बाँबची वात पहारेकऱ्यानं वेळेत कापली. हे मत मागणाऱ्या बायकांचं काम, याचा पुरावा काय सापडला? उंच टाचांचे ठसे, शॅम्पेनची रिकामी बाटली आणि केकचे तुकडे. थंडीत झुडपामागे दडून बसायचं तर सोबत काही हवंच. भाचीला हे एवढं आवडलं की आम्हीही बाकावर बसून केक खाल्ला. शॅम्पेन परवडण्यासारखी नव्हती.

तरी एक सांगते. हा आणि असले बाकीचे प्रकार गंमत म्हणून सांगायची सवय लागली आहे, पण पहारेकरी दोन पावलं उशिरा आला असता तर ही गोष्ट कोणी हसत सांगितली नसती. मला त्यांची बाजू पटते, तावदानांचं दुःखही नाही. पहारेकऱ्याचं मात्र वाटतं.

केल्विनग्रोव्ह उद्यानाच्या कडेचा सफ्रजेट (मतासाठी लढणाऱ्या या बायकांचं नाव) ओक बघितला, २० एप्रिल १९१८ ला मताधिकार मिळाल्याच्या आनंदात लावलेला. २०१७ च्या वादळात त्याचा बराच भाग मोडला, पण झाड उभं आहे.

मिचेल लायब्ररीच्या मागच्या अंगाला, ग्रॅनव्हिल स्ट्रीटवर, जुन्या सेंट अँड्र्यूज हॉल्सची दर्शनी बाजू शाबूत आहे. आतला भाग १९६२ मध्ये जळाला. ९ मार्च १९१४ ला इथे या चळवळीच्या पुढारी एमेलिन पँकहर्स्ट बोलणार होत्या. सुटकेवर असलेल्या कैदी, कधीही पकडल्या जाऊ शकणाऱ्या. पोलिसांनी इमारत वेढली होती, तरी त्या तिकीट काढून सरळ दारातून आत आल्या. बोलायला लागल्या आणि पोलीस व्यासपीठावर चढले, तर कुंड्यांच्या आणि फुलमाळांच्या आड काटेरी तार. जुजुत्सू शिकलेल्या अंगरक्षक बायका, दंडुके, उडणाऱ्या कुंड्या. अखेर बाईंना नेलंच. एकेक माणूस आपल्या जागी उभा, समोरच्यानं कुठून यायचं ते आधीच ठरवून ठेवलेलं. पटावर खेळणाऱ्याला हे ओळखू येतं.

हे त्या बायकांनाही सुचलं होतं. १९०८ च्या सुमारास चळवळीनं ‘सफ्रजेटो’ नावाचा पटावरचा खेळ काढला होता. दोन खेळाडू, प्रत्येकी २१ सोंगट्या : एकीकडे सफ्रजेट, दुसरीकडे पोलीस. बायकांनी सहा सोंगट्या पार्लमेंटमध्ये घुसवायच्या, पोलिसांनी सहा आल्बर्ट हॉलमधल्या सभेत. पकडलेली बाई तुरुंगात जाते, पडलेला पोलीस इस्पितळात. मूळ पट ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे. भाचीनं त्याचं चित्र छापून आणलं होतं. रात्री तिच्या खोलीत जेवणानंतर (फोडणीचा भात आणि लोणचं, सुटकेसमधलं) आम्ही खेळलो. मी पोलीस झाले आणि जिंकले. ती चिडून म्हणाली, “मावशी, तुला जरा तरी लाज!”

शुक्रवार, ॲलोवे

ग्लासगो सेंट्रलहून एअर, तिथून बसनं ॲलोवे. रॉबर्ट बर्न्सचं जन्मघर : बुटकं, पांढरं, गवती छपराचं, आत गोठा आणि चूल एकाच रांगेत. बर्न्स हा स्कॉटलंडचा लाडका कवी. त्याच्या जन्मदिवशी, २५ जानेवारीला, जगभर जेवणावळी होतात.

८ जुलै १९१४ च्या पहाटे दोन बायका सायकलींवरून इथे स्फोटकं घेऊन आल्या. पहारेकऱ्यानं पाहिलं, एक निसटली, एक सापडली. सापडलेलीनं नाव सांगितलं जॅनेट आर्थर. खरं नाव फ्रान्सिस पार्कर, जन्म न्यूझीलंडचा, आणि लॉर्ड किचनरची भाची. होय, तोच किचनर, जो हिंदुस्थानात सरसेनापती असताना लॉर्ड कर्झनशी भांडला आणि कर्झनला राजीनामा द्यायला लावला. निसटलेली एथेल मूरहेड असावी असं मानतात. कोर्टात पार्करनं बर्न्सच्याच स्वातंत्र्याच्या ओळी ऐकवल्या. लाडक्या कवीचं घर जाळायला निघालेली म्हणून स्कॉटलंडभर संताप होता, आणि तो मला समजतो. गवती छप्पर पेटलं असतं तर काही उरलं नसतं.

संग्रहालय बर्न्सचं आहे, पार्करचं नव्हे. तिची हकीकत तिथे शोधत बसलो नाही. बाहेर बाकावर बसून डबा खाल्ला, समोर शाळेची सहल, प्रत्येक मुलाच्या हातात चिप्सचं पाकीट.

परतीच्या गाडीत भाचीनं विचारलं, “तुझ्या वेळी मुलींना मुलांच्या स्पर्धेत घ्यायचे?” तिला मी १९७६ ची गोष्ट सांगितली. रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरल्या, खेळणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. केवढा गहजब! प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, आणि अखेर जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्वाळा दिला की बाईला अडवता येणार नाही. त्याआधी १९७४ ची पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा त्यांची बहीण वासंती यांनी जिंकली होती. आणि मागे १९३३ साली हेस्टिंग्जला ब्रिटिश महिला अजिंक्यपद मिळवलं ते मिस फातिमा या हिंदुस्थानी मुलीनं. बुद्धिबळपटू सुलतान खान ज्या सर उमर हयात खानांच्या पदरी होता त्यांच्याच पदरची. तिथल्या तक्त्यातही ‘मिस’ आणि एकच नाव. भाची म्हणाली, “आता दिव्या देशमुख म्हटलं की मागे-पुढे काही लावावं लागत नाही.” लागतं, म्हटलं, ग्रँडमास्टर.

शनिवार, स्टर्लिंग आणि पर्थ

स्टर्लिंगला वॉलेस स्मारकाच्या २४६ पायऱ्या. माझे गुडघे, भाचीचा उत्साह. वर विल्यम वॉलेसची म्हणून दाखवतात ती भली मोठी तलवार. १९१२ मध्ये एथेल मूरहेडनं, एडिथ जॉन्स्टन नावानं, दगडानं तिची काच फोडली. तुमचं स्वातंत्र्य तलवारीनं मिळालं, आता ते मागणाऱ्या बायकांना सोडा, अशा अर्थाची चिठ्ठी ठेवली होती. इतकं नेमकं ठिकाण निवडणाऱ्या बाईबद्दल मला आदर आहे.

पर्थचा तुरुंग अजून चालू आहे. १८१२ च्या सुमारास फ्रेंच युद्धकैद्यांसाठी बांधलेला. उंच भिंतीपलीकडे काही दिसत नाही आणि तिथे रेंगाळणं शोभणारंही नव्हतं. फूटपाथवरून एक फेरी मारली.

१९१४ च्या उन्हाळ्यात उपोषण करणाऱ्या बायकांना इथे आणत. अराबेला स्कॉट, केल्सोच्या रेसकोर्सला आग लावायच्या प्रयत्नात शिक्षा झालेली शिक्षिका. ‘मांजर-उंदीर’ म्हणून बदनाम झालेल्या १९१३ च्या कायद्यानुसार उपोषणानं खंगलेल्या कैद्याला सोडायचं आणि बरं झाल्यावर पुन्हा धरायचं. ती दर वेळी निसटायची. अखेर इथे पाच आठवडे तिला रोज नळीनं खाऊ घातलं, पत्र नाही, भेट नाही. बाहेर जमलेल्या बायका तिला ऐकू जावं म्हणून गाणी म्हणत. फ्रान्सिस पार्करलाही इथेच आणलं आणि तिच्यावर झालेले अत्याचार इथे लिहिण्यासारखे नाहीत. तिनं ते स्वतः लिहून ठेवले. युद्ध सुरू झालं, १० ऑगस्टला सरकारनं साऱ्या सफ्रजेट कैद्यांना सोडलं.

गांधीजी १९०९ मध्ये लंडनला होते तेव्हा या बायकांच्या तुरुंगवासाबद्दल त्यांनी ‘इंडियन ओपिनियन’मध्ये लिहिलं होतं. धैर्याचं कौतुक, काचा फोडण्याला नापसंती. पर्थच्या त्या भिंतीजवळून चालताना उपोषण हे हत्यार किती हातांतून आपल्याकडे आलं असेल याचा विचार मी करत होते, आणि भाची मला बसची वेळ सांगत होती.

अराबेला पुढे ऑस्ट्रेलियाला गेली आणि १९८० मध्ये वारली. म्हणजे मी पटावर बसायला शिकत होते तेव्हा ती हयात होती.

रविवार, डंडी

पर्थहून पंचवीस मिनिटं. डंडीत नव्या संग्रहालयाची इमारत आणि अंटार्क्टिकाला गेलेलं ‘डिस्कव्हरी’ जहाज बघायला लोक येतात. आम्ही तागाच्या जुन्या गिरणीतलं व्हर्डंट वर्क्स संग्रहालय पाहिलं. ताग बंगालचा, मजूर मुख्यत्वे बायका, कारण त्या स्वस्त. नवरे घरी. त्यांना इथे ‘केटल-बॉयलर’ म्हणायचे, चहाचं आधण ठेवणारे. कमावणारी बाई, मत मात्र त्या आधणवाल्याला असलं तर असलं.

१९०८ च्या पोटनिवडणुकीत विन्स्टन चर्चिल इथे उभा राहिला. आयर्लंडची मेरी मलोनी मोठी घंटा घेऊन त्याच्या सभेत आली आणि तो बोलायला लागला की वाजवू लागली. तो निवडून आला तरी. १९१० मध्ये एथेल मूरहेडनं त्याला अंडं मारलं, तिच्या कारकिर्दीची ही सुरुवात. १९१८ मध्ये तिशीवरच्या बायकांना, त्यातही घर-मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्यांना, मत मिळालं. सरसकट एकविसाव्या वर्षी मिळायला १९२८ उजाडलं. मधल्या १९२२ च्या निवडणुकीत चर्चिल पुन्हा डंडीतूनच उभा होता. अपेंडिक्सच्या ऑपरेशनमुळे प्रचाराला नीट उभं राहता येईना. तो चौथा आला. जिंकला एडविन स्क्रिमजर, दारूबंदीवाला, त्या पक्षाचा पार्लमेंटात पोचलेला एकमेव. दारुड्या नवऱ्यांना कंटाळलेल्या गिरणीवाल्या बायकांनी त्याला मतं दिली असणार असा माझा कयास आहे.

चर्चिलनं नंतर लिहिलं की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पद गेलं, जागा गेली, पक्ष गेला आणि अपेंडिक्सही गेलं. परतीच्या गाडीत हे वाचून दाखवल्यावर भाची इतकी हसली की समोरच्या आजींनी काय झालं विचारलं. तिनं सगळी गोष्ट सांगितली, घंटेपासून. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, त्यांच्या आजीनं त्याला मत दिलं नव्हतं.